प्रभुभोजन थांबलं ते वर्ष

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा मिशननं माझ्या पतींची नेमणूक बीदरजवळच्या कमठाण्याच्या पलीकडच्या एका गावी केली. मोठी लढाई सुरू होती. लेव्हीच्या नावाखाली निजाम सरकारची माणसं खळ्यावरूनच जोंधळा उचलून न्यायची, मग गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला काय उरत असेल ते विचारू नये. माझे पती रविवारी उपदेश करायचे आणि इतर दिवशी प्रार्थनाघराच्याच खोलीत शाळा घ्यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही तेच म्हणत असे.

प्रार्थनाघर म्हणजे लाल जांभ्याच्या चिऱ्यांची एक लांबट खोली, महारवाडा आणि मांगवाडा यांच्या मधोमध. दोन्हीकडची बरीच घरं ख्रिस्ती झालेली. एका बाजूला हे बसत, दुसऱ्या बाजूला ते, आणि मधे माणूस आडवा निजेल एवढी जागा मोकळी. पहिल्या रविवारी मला वाटलं, येण्याजाण्याची वाट असेल.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा. मी मनुका भिजत घालून त्यांचं पाणी गाळायची आणि गव्हाच्या कोरड्या पोळीचे तुकडे करून ताटलीत ठेवायची. प्याला एकच, ओठ लावून शेजारच्याकडे द्यायचा. आधीचे पाळक महारवाड्याच्या बाजूनं सुरुवात करीत आले होते, म्हणून मास्तरही तसंच करीत. एकदा त्यांनी मुद्दाम दुसरीकडून सुरुवात केली. मांगवाड्याची बाजू झाली तेव्हा प्याल्यात जेवढं होतं, तेवढंच शेवटीही उरलं. महारवाड्याच्या बाजूच्या सगळ्यांनी प्याला ओठापर्यंत नेला होता, प्यायलं कुणीच नव्हतं. उरलेलं परसात ओतताना मला रडू आलं.

गावात पिण्याच्या पाण्याच्या दोन विहिरी होत्या. एक पाटलाच्या वाड्यापुढची, तिथं आम्हां कुणालाच पाय ठेवता येत नसे. दुसरी महारवाड्याची, त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी जांभा फोडून खणलेली. मांगवाडा ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचा. आम्हां नवराबायकोची दोन्ही घराणी मूळची महारवाड्यातली, त्यामुळं मला विहीर मोकळी होती. मी रोज भरत होते, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

ख्रिस्ती मंडळीचे थोरले पंच महारवाड्यातले. साठीचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. लहानथोर त्यांना अप्पा म्हणत. त्यांना अक्षर येत नसे, पण गीतं ढिगानं तोंडपाठ. आम्ही आलो त्या दिवशी चूल पेटवायला गोवऱ्या त्यांच्याच घरून आल्या होत्या. पाटलाची विहीर ख्रिस्ती लोकांना खुली व्हावी अशी सरकारात अर्जी द्यायची, हेही त्यांनीच मनावर घेतलं. ते आणि मास्तर दोघं चालत बीदरला गेले, एका लिहिणाराकडून उर्दूत अर्जी लिहून घेतली. देवानं सगळ्यांना एका रक्ताचं केलं आहे, असं त्यात मास्तरांनी लिहायला लावलं होतं.

बऱ्याच दिवसांनी महसूलखात्याचा गिरदावर चौकशीला आला. चावडीत पाटलाच्या शेजारी बसून त्यानं मास्तरांना विचारलं, "मास्टर, तुम्हारी अपनी बावली पे तुम्हारे मांग लोगां पानी भरते क्या?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"भरते नहीं, तो पाटील को मैं क्या बोलूं?"

"ती गोष्ट येगळी हाय, सरकार," अप्पा म्हणाले.

गिरदावर हसला, पाटीलही हसला. अर्जीचं पुढं काही झालं नाही. घरी आल्यावर मास्तर जेवले नाहीत.

मांगवाड्यातली एक बाई माझ्याकडे वाचायला शिकायला येई. वयानं माझ्याएवढीच, पदरात दोन मुलं. ती आणि तिचा नवरा अंबाडीच्या वाखाचे दोर वळायचे. महारवाड्याच्या विहिरीवरचा दोरही त्यांनीच वळलेला होता. एकदा ती हसत म्हणाली, "अक्का, हिरीला आमचा दोर चालतो बघा, हात चालत न्हाई." ती चिडून म्हणाली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

त्या उन्हाळ्यात झिरा आटत आटत तळाचा गाळ लागला आणि मांगवाड्यात पटकीची, कॉलऱ्याची साथ आली. तालुक्याहून आलेल्या माणसानं पाटलाच्या विहिरीत लाल औषध टाकलं, मग महारवाड्याच्या. झिऱ्यात टाका म्हटलं तर म्हणाला, मला विहिरींचा हुकूम आहे, खड्ड्यांचा नाही. मी विहिरीवरून घागरी भरून मांगवाड्यात नेऊ लागले. मास्तर घरोघर जाऊन आजाऱ्यांना मीठ घातलेली पेज पाजत, घाण उचलत, राख टाकत.

दुसऱ्या खेपेलाच विहिरीवरच्या बायकांनी मला अडवलं. अप्पांची भावजय पुढं आली.

"अक्का, तुमची घागर मांगवाड्यात जाऊन यायलीय. आता हिरीत सोडू नका."

"कामून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"कामून म्हंजी? पानी बाटंल की."

"तुम्ही बाप्तिस्मा घेतलाय ना?"

"आमी घेतलाय. हिरीनं कुठं घेतलाय?"

तिनं रहाटावरचा दोर सोडून घेतला आणि खांद्यावर टाकून घरी गेली. बाकीच्या बायका माझ्याकडे न बघता उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोघी माझ्याकडे भरतकाम शिकायला येत असत.

त्यानंतर मी झिऱ्याचा गाळ फडक्यानं गाळून उकळायची. सरपण पुरत नव्हतं, मग शाळेचा फळा फोडला. दोर वळणाऱ्या बाईची मुलगी आधी गेली, तिच्यामागून मुलगा. मुलाला मूठमाती देऊन परत आलो तेव्हा तिचा नवराही हातपाय वळून पडलेला होता. मास्तरांनी त्याच्यासाठी दोनदा प्रार्थना केली. तिसऱ्यांदा करायला गुडघे टेकले, आणि प्रार्थना न करताच उठले.

नवऱ्याला पुरल्यावर ती स्मशानात मास्तरांच्या समोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"मास्तर, प्याला एक म्हनतासा तुमी. मंग पानी दोन कामून?"

पुरायला आमच्यासोबत मांगवाड्याचेच लोक होते. अप्पा बांधापलीकडं लांब उभे होते, त्यांच्या कानावर हे गेलं की नाही ते मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी पोळी केली, मनुकांचं पाणी गाळलं. मास्तरांनी ते मेजावर ठेवलं, वर पांढरं कापड पसरलं आणि उपदेशाच्या ऐवजी एवढंच म्हणाले, "भावाशी तंटा असेल तर आधी समेट कर, मग देवापुढं ये, असं आपल्याला शिकवलंय. विहीर सगळ्या मंडळीला खुली होईपर्यंत मी हे कापड काढणार नाही. मला स्वतःलाही घेणार नाही."

खोलीत कुजबुज झाली. एक म्हातारी रडत म्हणाली, "मी मराया टेकलेय, मला तरी द्या." मास्तरांनी तिच्यापुढं हात जोडले, पण दिलं नाही. तिची ती मुद्रा मी विसरू शकलेले नाही.

संध्याकाळी अप्पा घरी आले. ओसरीवर बसले, पाणी दिलं ते घेतलं नाही.

"मास्तर, तुमी उद्या बदली होऊन जासाल. आमाला हितंच ऱ्हायचंय. ज्या दिवशी मांगाची घागर आमच्या हिरीत पडंल, त्या दिवशी गाव आमाला बी त्येंच्यातच धरंल. बलुतं बंद हुईल. आमच्या बापजाद्यांनी हात रगतानं भरवून ती हीर खंदलीया."

"ती पोरं तहानेनं मेली, अप्पा."

"पटकीनं मेली."

"बरं, पटकीनं मेली."

अप्पांनी मान खाली घातली. "मला कळत न्हाई असं न्हाई. पर माझ्या एकट्याच्यानं हुयाचं न्हाई." ते उठून गेले. जाताना पायरीवर धडपडले, मास्तरांनी हात दिला, तो त्यांनी धरला.

पावसाळा आला, पटकी ओसरली. महिने गेले तरी मेजावरचं कापड तसंच राहिलं. मी ते दर शनिवारी धुऊन पुन्हा पसरायची. महारवाड्यातले लोक उपासनेला कमी कमी येऊ लागले. कुणी तरी बीदरला तक्रार नेली आणि मिशनचे मोठे साहेब आमच्याकडे आले. ते चांगले गृहस्थ होते, मराठी स्वच्छ बोलत.

"मास्तर, माणसं सुधारायला वेळ लागतो. तोवर त्यांना देवाच्या मेजापासून दूर ठेवणारे तुम्ही कोण?"

"मी प्याला कुणाच्या हातात आधी देऊ, तेवढं तुम्ही सांगा, साहेब. तसं करतो."

साहेब म्हणाले की मंडळी फुटली तर इतक्या वर्षांची मेहनत वाया जाईल, आणि सरकारची मर्जी राखूनच आपल्याला इथं राहता येतं. मास्तर हट्टाला पेटले आहेत, अशी त्यांची समजूत झाली. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसऱ्या गावचे पाळक प्रभुभोजन द्यायला पाठवले.

त्या दिवशी मांगवाड्याची बाजू रिकामी होती. कुणीच आलं नाही. मास्तर शेवटच्या रांगेत, माझ्या शेजारी बसले होते. पाहुण्या पाळकांनी कापड काढलं, आणि ताटली घेऊन पहिल्यांदा अप्पांपाशी आले. अप्पांनी तुकडा उचलला. समोरच्या मोकळ्या जमिनीकडं ते बघत राहिले. पाळकांनी हळूच खोकून पाहिलं. मग अप्पांनी तो तुकडा परत ताटलीत ठेवला आणि आपलं पागोटं उचलून बाहेर पडले.

मी त्यांच्या मागं गेले. ते थेट मांगवाड्यात शिरले. आजवर ते तिथं कधी गेले नव्हते, कुणाची झोपडी कुठली तेही त्यांना विचारावं लागलं. दोर वळणारी बाई दारात वाख पिंजत बसली होती.

"पोरी, घागर घे. चल हिरीवर."

ती अगदी साधेपणानं म्हणाली, "अप्पा, आता कुनासाठी भरू?"

अप्पा तिथंच मातीत बसले. एवढा उंच माणूस, गुडघ्यात डोकं घालून हुंदके देत होता. तिनं त्यांना रडू दिलं. थोड्या वेळानं आत जाऊन घागर घेऊन आली आणि म्हणाली, "शेजारनीला लेकरं हायत. तिच्यासाठी भरते." तिघंही विहिरीवर गेलो. अप्पांची भावजय दारात उभी राहून ओरडत होती. अप्पा काठावर उभे राहिले, आणि त्या बाईनं पाणी शेंदलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी विहिरीत मेलेलं वासरू तरंगताना दिसलं. कुणी टाकलं ते कधीच कळलं नाही. पाटलाच्या माणसांनी टाकलं असं कुणी म्हणे, कुणी महारवाड्यातल्याच दोघातिघांची नावं घेई. पाटलानं अप्पांना चावडीवर बोलावून दिवसभर उन्हात ओणवं उभं केलं, "मांगाचा पुढारी" म्हणून गावातले लोक वर हसले. त्यांच्या घराचं बलुतं थांबलं. विहीर उपसून होईपर्यंत दोन्ही वाडे झिऱ्यावर होते. उपसायला मांगवाड्यातले सगळे आले, महारवाड्यातली मोजकीच माणसं आली. बाकीचे घरात बसून राहिले. अप्पा काठावर घोंगडी पांघरून बसले होते, अंगात ताप होता. त्या तापातून ते उठले नाहीत.

त्यांच्या मातीला दोन्ही वाड्यांतले लोक होते, पण वेगवेगळे उभे होते.

विहीर उपसल्यावर मांगवाड्याच्या बायकाही तिथं पाणी भरू लागल्या, तेव्हा मास्तरांनी उपासनेला उरलेल्यांना प्रभुभोजन दिलं. पंधरा-वीस माणसं असतील. त्या म्हातारीला त्यांनी तिच्या अंथरुणाशी जाऊन दिलं. वर्ष संपता संपता साहेबांनी आमची बदली औरादकडं केली. मास्तरांनी कारण विचारलं नाही.

निजामाची मोगलाई जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, एका दुपारी ती बाई आम्हांला शोधत औरादला आली. केस पांढरे झाले होते, हाताला वाखाचे तसेच घट्टे. मी तिला भाकरी वाढली. गावात आता दोन प्रार्थनाघरं आहेत, असं तिनं सांगितलं. महारवाड्यानं आपलं वेगळं बांधलं होतं.

मास्तर ऐकत होते. "आणि विहीर?"

"हिरीवर समदेच भरायलेत. आदी त्येंच्या बाया भरत्यात, मंग आमी."

मास्तरांनी विचारलं, "प्रार्थना करू?"

"करा," ती म्हणाली. "पर थोडकी करा. उजेड हाय तवर मला निघायचंय."