गालाने उलटायचं पान

फाइल डोळ्यांसमोर दिसत होती आणि ई-रीडर म्हणत होता, अशी फाइलच नाही. मी पुन्हा कमांड दिली. पुन्हा तेच उत्तर. माझ्या खुर्चीमागे हमीदभाई उभे होते.

“काय म्हणते मशीन?”

“नाही म्हणतंय.”

“नाई काऊन म्हणते? माह्याच घरचं मशीन हाये ना ते!”

हमीदभाई धामणगाव बढ्याचे. गाद्या-उशा भरण्याचं त्यांचं काम. आमच्या नांदुऱ्याच्या घरी ते गाद्यांचा कापूस पिंजायला आले होते. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करते. वजनकाटा, पाण्याचा मीटर अशा ज्या वस्तूंच्या पोटात छोटा संगणक असतो, त्यांचे प्रोग्रॅम मी लिहिते. टेबलावर सर्किटं पसरलेली बघून हमीदभाईंनी आधी वायरींची चौकशी केली, मग मोबाइलची, मग पुण्याच्या हवेची. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचा मला वैताग येतो. “काय दुरुस्त करायचंय ते सांगा ना,” मी म्हणाले. तेव्हा त्यांनी पिशवीतून ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, काढलं.

ते त्यांच्या बायकोचं, शमीमबींचं होतं. काही वर्षांपूर्वी त्या गच्चीवरून पडल्या आणि मानेखालचं शरीर गेलं. वाचनाचं वेड मात्र जसंच्या तसं. पलंगाला टांगलेल्या फळीवर पुस्तक लावायचं आणि पान संपलं की हाक मारायची. मग हमीदभाई घरालगतच्या गाद्यांच्या कारखान्यातून धावत येणार, पान उलटणार आणि परत जाणार. पुढे पुढे शमीमबींनी वाचणंच सोडलं.

“काऊन सोडलं, तर म्हणते डोकं दुखते,” हमीदभाई म्हणाले. “मले समजते ना मॅडम. माह्या पापण्यांवरचा कापूस पाहून तिचं डोकं दुखते.”

भाच्याने मराठी पुस्तकं भरून हा जुना ई-रीडर पाठवला होता. पण यंत्र इतकं जुनं की त्याला मराठी धड दाखवता येईना. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. पुस्तक वाचायच्या नव्या प्रोग्रॅममध्ये मराठी नीट दिसतं. हमीदभाईंना हवा होता तो नवा प्रोग्रॅम, आणि हात न लावता पान उलटायची काहीतरी युक्ती.

“नवीन घ्या की” असं पुढे मला बऱ्याच जणांनी सुनावलं. नव्या यंत्रांची कुलपं पक्की असतात, आत बाहेरचा प्रोग्रॅम सहजी शिरत नाही. जुन्याचं कुलूप ढिलं होतं. मोबाइल का नको, हे मला शमीमबींच्या घरी गेल्यावर कळलं. मोबाइलच्या उजेडाने त्यांच्या डोळ्यांना पाणी येतं, आणि ते पुसायला पुन्हा कुणाला तरी हाक मारावी लागते. ई-रीडरचा पडदा कागदासारखा असतो, डोळ्यांवर उजेड मारत नाही.

त्या घरात आपसात हिंदी-उर्दू चालायची, माझ्याशी मात्र वऱ्हाडी. मला मोठी हुशारी सुचली होती. “ताई, सोपं आहे. ठरावीक वेळाने पान आपोआप उलटेल असं करते. बटणच नको.”

शमीमबी हसल्या. “मंग वाचन मशीनचं झालं. मी तिच्या मागं पळू का?”

खरंच, चांगलं वाक्य भेटलं की आपण थबकतो, कंटाळा आला की पळत सुटतो. हे टायमरला कसं कळावं?

त्यांची मान थोडी डावीकडे वळते. उजवीकडे अजिबात नाही. म्हणजे एकच बटण, तेही गालाने दाबायचं. “एका बटणावर पुढचं पान. झालं,” मी म्हणाले.

“आन् मागचं?”

“मागचं कशाला लागतंय?”

शमीमबींनी हमीदभाईंना चहा सांगायला बाहेर पाठवलं, मग हळू आवाजात बोलल्या. “ताई, पुढं करा म्हनायले काही वाटत नाई. मागं करा म्हनायले लाज वाटते. ह्यायले काम सोडून बोलवाचं, आन् म्हनाचं काय, तर मगाचंच पान दाखवा? मले आवडलं म्हनून? पडल्यापासून मी एक पान मागं गेली नाई.”

कंपनीत गिऱ्हाइकांनी मागितलेली असंख्य फालतू फीचर्स मी लिहिली आहेत. इतकं रास्त मागणं कुणी केलं नव्हतं. दोन्ही पानं देते, असा शब्द देऊन बसले. थोडं दाबलं की पुढे, जास्त वेळ दाबून धरलं की मागे.

शब्द देणं सोपं होतं. अडचण अशी की ई-रीडरचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आणि अशक्त. एवढा मोठा प्रोग्रॅम तयार करायचं काम त्याच्यावर टाकलं तर तो गुदमरेल. म्हणून प्रोग्रॅम तयार करायचा लॅपटॉपवर, पण असा की चालेल ई-रीडरवर. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. स्वयंपाक आपल्या घरी, पथ्य पाहुण्याचं.

पहिलं पथ्य चुकलं ते ‘फाइलच नाही’ या उत्तरातून कळलं. प्रोग्रॅमला उचलून मेमरीत ठेवणारा एक मदतनीस यंत्रात असतो, त्याला लोडर म्हणतात. माझ्या प्रोग्रॅमने नव्या लोडरचं नाव घेतलं होतं, आणि जुन्या यंत्रात त्या नावाचा कुणी नव्हताच. सापडत नव्हता तो लोडर. यंत्राने बोट दाखवलं बिचाऱ्या फाइलकडे. या संदेशाने जगभरातल्या माझ्यासारख्यांची डोकी फिरवली आहेत.

ते निस्तरलं, तर आगीतून फुफाट्यात. आता यंत्र म्हणालं, तुझी लायब्ररी माझ्याकडे नाही. लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कामांचा साठा. नवा प्रोग्रॅम नव्या साठ्यातलं मागत होता. नवा साठा सोबत बांधून दिला, तर उत्तर आलं, कर्नल फार जुना आहे. कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी. त्याला नव्या साठ्याची भाषाच समजेना. मी हात टेकले.

उपाय एकच होता. नवा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तयार करणारं साधन, घ्यायचा, पण जुन्याच लायब्ररीशी त्याची सांगड घालायची. तशी जुनी लायब्ररी आमच्या कंपनीच्या एका अडगळीतल्या सर्व्हरवर होती. ती कुणाच्या मालकीची नाही, सगळ्यांना मोकळी आहे. तरी विचारलेलं बरं, म्हणून मॅनेजरला, निखिलला, फोन केला.

“तो सर्व्हर तर आपण पुसतोय,” तो म्हणाला. “कशाला हवंय ते जुनं?”

“एका बाईंना पुस्तक वाचायचंय.”

“कुठला क्लायंट?”

“धामणगाव बढे.”

“हे काय नाव आहे?”

“गाव आहे. आमच्याकडे गावांना नावं असतात.”

तो म्हणाला, “ऑफिसच्या वेळात करू नकोस.”

“ऑफिसच्या वेळात तुझ्या मीटिंगा असतात. त्यात काही होतच नाही.”

त्याने सर्व्हर पुसणं पुढे ढकललं. निखिल वाईट माणूस नाही, फक्त पुण्याचा आहे.

सांगड घालता घालता नाकी नऊ आले. पण एका सुट्टीच्या दुपारी पडद्यावर मराठी पान उमटलं, सगळ्या वेलांट्या जागच्या जागी. मी घरात एकटीच ओरडले. मग नांदुऱ्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून ई-रीडरच्या पान उलटायच्या बटणाला दोन वायरी जोडून घेतल्या आणि त्यांच्या टोकाला हलका स्विच लावला. टेबलावर बोटाने दाबून पाहिलं. थोडं दाबलं, पुढे. दाबून धरलं, मागे. झक्कास.

स्विच गालाला टोचू नये म्हणून हमीदभाईंनी त्याच्यासाठी एक चिमुकली उशी शिवली. कापूस निवडक, हाताने पिंजलेला. असली उशी मी कुठल्या दुकानात पाहिली नाही. धामणगावला जाऊन ती पलंगाला डाव्या बाजूने बांधली.

शमीमबींनी गाल टेकवला. पान मागे गेलं. पुन्हा टेकवला, पुन्हा मागे. पुढे जायचं नावच नाही. ई-रीडर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसला. शमीमबी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मला सहन होईना.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला मी स्विच हातात घेतला. हातात सगळं ठीक. उशीत घातला की बिघडलं. मग उजेड पडला. उशी इतकी मऊ होती की गाल उचलल्यावरही कापूस सावकाश फुगायचा आणि तोवर स्विच दाबलेलाच राहायचा. प्रोग्रॅमला वाटायचं, बाईंनी दाबून धरलंय.

“कापूस कमी करू का?” हमीदभाईंचा चेहरा पडला होता. गादीवाल्याच्या कापसात खोट निघणं म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

“नका करू,” शमीमबी म्हणाल्या. “लय मऊ हाये. राहू द्या.”

बरोबर होतं त्यांचं. चूक कापसाची नव्हती. मी चाचणी घेतली होती माझ्या बोटाने, आणि वापरणार होता त्यांचा गाल. मी त्यांना पुढचं पान हवं असल्यासारखं वारंवार दाबायला लावलं, मग मागचं हवं असल्यासारखं. लॅपटॉप वेळा टिपत होता. दोन्हींच्या मधोमध हद्द आखली, प्रोग्रॅम पुन्हा तयार केला आणि ई-रीडरमध्ये घातला.

शमीमबींनी गाल टेकवला. पान पुढे गेलं. पुन्हा पुढे. हमीदभाईंनी “या अल्लाह” म्हणून डोळे मिटले. त्या वाचत राहिल्या, आम्ही दोघं बघत राहिलो. पानं उलटत होती, कुणाला हाक जात नव्हती.

आणि अचानक पान मागे गेलं. मग आणखी एक मागे. मग आणखी एक.

“पुन्हा अडकला!” मी वायरीकडे हात नेला. हमीदभाई उशीकडे झेपावले.

“हात नका लावू कोनी!”

शमीमबींचा इतका मोठा आवाज मी आधी ऐकला नव्हता. आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो.

“मशीन बराबर हाये,” शमीमबी म्हणाल्या. “मीच चालली मागं.”

पान आणखी एकदा मागे गेलं आणि थांबलं. त्या वाचू लागल्या. थोड्या वेळाने, नजर न काढता म्हणाल्या, “तुमी दोघं चहा घ्या ना बाहेर. माह्यापाशी काऊन उभे हाय?”

आम्ही कारखान्यात जाऊन बसलो. चहा आला, संपला. हमीदभाई दर थोड्या वेळाने दाराकडे कान देत होते. आतून काही आवाज नव्हता. शेवटी त्यांनी गादीचं अर्धवट काम पुढे ओढलं आणि बाहीने डोळे पुसले. कापूस गेला असेल.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. यंत्र उलटं चालताना दिसलं, तरी हात लावण्याआधी वापरणाऱ्याला विचारते. बहुतेक वेळा चूक माझीच निघते. पण विचारते.