चंपाषष्ठीला येणारी शेवंता

चातुर्मासात झिपरूआबांच्या घरी वांगं येत नसे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला, की जामनेरच्या आसपासच्या मळ्यांतून धूर उठू लागे आणि भरीत पार्ट्यांची बोलावणी येत. हिरवी, लांबट वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि पहिला घास आबांनी चाखायचा. त्यांनी मान हलवल्याशिवाय पंगत बसत नसे.

जेवण झालं, की आबा विहिरीजवळच्या निंबाखाली आडवे होत. चेहरा तापे, पाठीवर खाजऱ्या गांधी उठत, काळीज उगाच धावत सुटे. त्या तापलेल्या गुंगीत शेवंताबाई येई. त्यांची बायको, मागे अशाच एका मार्गशीर्षात गेलेली. केळीच्या बागेच्या कडेला ती पाठमोरी उभी असे. पानांतून झिरपून हिरवं झालेलं ऊन तिच्या पदरावर सांडलेलं असे. ती बोलत नसे, वळत नसे. आबा उठत तेव्हा डोळे भरलेले असत, आणि पुढे दोन-दोन दिवस कशात जीव लागत नसे.

"भरीत खाऊन रडणारा माणूस आमच्याच मळ्यात," असं मळेवाला प्रेमराज म्हणे.

त्या वर्षी सुनेनं, रूपानं, त्यांची पाठ पाहिली. "आबा, हे काय उठू राह्यलं अंगावर?"

"तुझी सासू येते."

"सासू येते, तर खाजवत काबरं येते?"

रूपानं त्यांना जळगावला, पिंप्राळ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि गांधी, उदासी, शेवंताबाई, सगळं सांगितलं.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बाईंनी विचारलं, "पावसाळ्यात त्रास होतो?"

"नाही."

"आणि पावसाळ्यात वांगं खाता?"

"चातुर्मासात कोण खातं?"

बाई हसल्या. "वांग्यात हिस्टामिन असतं. ऍलर्जीत अंगात सुटतं, तेच. शरीर ते निकामी करत असतं. त्यातली एक वाट मिथायलेशनची. हिस्टामिनला एक बारीकसा तुकडा जोडला, की त्याचा जोर संपतो. त्या कामाला बी-ट्वेल्व्ह आणि फोलेट लागतं. तुमचं बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे. उदासीचं सगळं खापर यावर फोडता येणार नाही, तेवढं ठामपणे कोणालाच माहीत नाही. पण इंजेक्शनं घ्या आणि एक हंगाम वांगं सोडून बघा."

आबांनी विचारलं, "सोडलं, तर ती यायची बंद होईल?"

बाईंनी रूपाकडे पाहिलं. "ते मला नाही सांगता येणार, आबा."

पुढच्या चंपाषष्ठीनंतर आबा वांगी भाजत, आणि चाखायला रूपा बसे. निंबाखाली आता त्यांना गार, साधी झोप लागे. गांधी उठल्या नाहीत, काळीज धावलं नाही. केळीची पानं नुसती केळीची पानं होती. कडेला कोणी नव्हतं. आबा जागे होऊन तिकडे पाहत बसत, आणि बरं वाटण्याचाच त्यांना राग येई.

हंगाम सरत आला. प्रेमराजच्या मळ्यातली ती शेवटची पार्टी. रूपा पुऱ्या लाटत होती. आबांनी बडगीतून एक घास उचलला. एवढा एक खाल्ला, तर ती दुपारी नक्की येईल. लसणाचा, धुराचा वास नाकाशी आला.

"आधी मीठ बघा, मग मान हलवा. साऱ्या गावाला खारट खाऊ घालाल एखाद दिवस."

शेवंताच. जिवंतपणी दर पार्टीला म्हणायची तेच. कोपरापर्यंत पीठ, एक हात कमरेवर, नाकातली चमकी जाळाच्या उजेडात. आणि तोंड त्यांच्याकडे. इतक्या दुपारच्या झोपांत ती एकदाही वळली नव्हती. आता आबा जागे होते, अंग गार होतं, आणि ती समोर उभी राहून रागावत होती.

त्यांनी घास रूपाच्या हातावर ठेवला. "बघ बरं."

रूपानं चाखलं. तोंड वाकडं केलं. "आबा, खारट झालं."

"मग आणखी वांगी टाका जाळावर," आबा म्हणाले, आणि काड्या मोडायला बसले.