मायसमोर न निघालेला शब्द

"चम, कप इसळून कोनाड्यात पालथा ठेव बे."

माहा जिगरी दोस्त असं बोलला. धाड गावाले, त्याच्या घरच्या ओसरीवर. कप बिनकानाचा. कोनाडा गोठ्याकडचा. चहा त्याच्या मायनं वरून ओतला, हात लांब धरून. बाकीच्यांचे कप मोलकरीण घेऊन गेली. माहा मीच धुवायचा.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झालती. आम्ही दोघं बुलढाण्याले कॉलेजात. तो पाटलाचा, मी बौद्धवाड्यातला. इंग्रजी कादंबऱ्या वाचून त्यानं गोऱ्यांचे शब्द उचलले होते, तिकडं जिवलग दोस्ताले म्हणतात ते. चम. मेट. ओल्ड चॅप. साऱ्या होस्टेलात ते मलेच म्हणे. जेवे बी माह्याच ताटात. माह्या मायची भाकर अन् ठेचा, बोटं चाटून. मी पागल, फुगून गेलो.

त्याच्या गावाले जातो म्हटलं तं मायनं शेंगदाण्याचे लाडू बांधून देल्ले. म्हणे, "दोस्ताच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये बाबू."

त्याच्या मायनं त्या पुरचुंडीले हात नाही लावला. गड्याले सांगितलं, "बैलाले घाल."

मी दोस्ताकडं पाह्यलं. वाटलं, आता तरी बोलन. तो खाली पाहून म्हणे, "घरची रीत हाय. मनावर घेऊ नको, मेट."

रीत. होस्टेलात भूक लागली तवा कुठं गेलती ही रीत? खायचे दात वेगळे अन् दाखवायचे वेगळे. अंगाची नुसती आग झाली माह्या.

कप नाही धुतला मी. बैठकीत त्याचा बाप अजून चहा पीत होता, उष्टाच नेऊन त्याच्या कपाजवळ ठेवला. गड्याच्या हातातून लाडू घेतले अन् निघालो. मागं त्याची माय "बाटवलं, बाटवलं" करून राह्यली होती.

तो फाटकापर्यंत पळत आला. "चम, ऐक तं."

मी म्हटलं, "हेच आपल्या बोलीत म्हण. तुह्या मायले समजन असं. म्हण, हा माहा दोस्त हाय."

माय ओसरीवर उभीच होती. त्यानं तिच्याकडं पाह्यलं. मंग माह्याकडं. तोंड उघडलं नाही.

तवा समजलं, तो इंग्रजीत काऊन बोलते ते. त्या शब्दाले घरात कोणी जाब विचारत नाही.

होस्टेलात आलो अन् माहं ताट त्याच्यापासून उचललं. रोज समोरून म्हणे, "ओल्ड चॅप, अजून राग?" मी ओ नाही देल्ली. अजून बी देत नाही. मले दोस्त म्हणायचं असन तं त्यानं आपल्या ओसरीवर, आपल्या मायसमोर म्हणावं, अन् घरच्या गडव्यानं पाणी द्यावं. नाही जमत तं माह्या ताटाजवळ बसू नये.