शेवटच्या नळापाशी थांबणारे मामा

जून महिन्यातला पहिला सोमवार, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे. मी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली उभा राहून वहीत वेळ लिहीत होतो. पाणी सोडण्याच्या कामावरचा माझा पहिलाच दिवस होता. तेवढ्यात खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी घेऊन श्री. हिंदुराव चौगले, म्हणजे सर्वांचे मामा, आले. हीच मामांची व माझी पहिली ओळख.

कळंब्याच्या बाजूला असलेल्या आमच्या सोसायटीला मामांनी सव्वीस वर्षे पाणी सोडले. वहीत प्रत्येक गल्लीला चाळीस मिनिटे नेमून दिलेली होती. त्याप्रमाणे त्या पहिल्या दिवशी चाळीस मिनिटे होताच मी खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला. शेवटच्या घरातल्या शेवंताआजींच्या नळाला तेव्हा नुकती धार लागली होती. मामा रागावले नाहीत. त्यांनी टाकीवरून दोन घागरी स्वतः वाहून आजींच्या दारात ठेवल्या आणि परत येऊन मला म्हणाले, "पावणं, पाणी घड्याळावर सोडत न्हाईत. शेवटच्या घरची घागर भरली का बघायचं, मग बंद करायचं." ते रोज त्या शेवटच्या नळापाशी जाऊन थांबत, हे मला दुसऱ्या दिवसापासून दिसू लागले.

आमच्या चेअरमन साहेबांचे मंगल कार्यालय टाकीला लागूनच आहे. लग्नसराईत कार्यालयाला पाणी पुरावे म्हणून खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह अर्धाच फिरवा, असा निरोप त्यांनी पाठवला.  मामा थेट साहेबांकडे गेले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, वऱ्हाड जेवून जाईल की. खालच्या गल्लीला हितंच ऱ्हायाचं हाय."

त्या दिवसापासून मामांना पाणी सोडून झाल्यावर साहेबांची गाडी धुण्याचे काम लागले. साठीला आलेला माणूस ऑफिससमोर, सभासदांच्या देखत, बादली घेऊन उभा राही. मामा चाकांच्या आतला चिखलसुद्धा काढत. मी मान खाली घालून उभा राहिलो, तर मलाच म्हणाले, "गाडीनं काय वाईट केलंय माझं?"

आता पुढचेही लिहितो. मामांची साठी पूर्ण व्हायला दोन महिने राहिले असताना साहेबांनी मला ऑफिसात बोलावले. माझे अक्षर चांगले आहे, असे साहेब म्हणाले. मामा टँकरवाल्यांना पाणी विकतात आणि मी ते पाहिले आहे, असा जबाब त्यांनी सांगितला व मी लिहिला. मी नववीत शाळा सोडलेली आहे. ही नोकरी गेली तर दुसरीकडे कोण ठेवील, हीच भीती होती. खाली सही केली. घाबरलेलो असूनही एकही शब्द अशुद्ध जाऊ दिला नाही, याची आज लाज वाटते.

वार्षिक सभेत तो जबाब वाचला गेला. मामांनी कागद पाहायला मागितला. बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्षर चांगलं आलंय." चावी टेबलावर ठेवून ते निघून गेले. त्यांना कामावरून कमी केल्याचा ठराव नंतर झाला. कोणी हात वर केला, कोणी नाही केला. मी खालीच बघत होतो.

दोन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. मामींनी चहा दिला. मी माफी मागायला तोंड उघडले, तेव्हा मामांनी आजींच्या नळाला पाणी येते का, एवढेच विचारले. येत नाही, असे मी खरे सांगितले. त्यांनी चहा तसाच ठेवला.

खालच्या गल्लीतल्या मंडळींनी मामांच्या साठीनिमित्त हा अंक काढला आणि माझ्याकडेही लेख मागितला. म्हणून सर्वांना कळावे असे लिहितो: तो जबाब खोटा आहे. मामांनी पाण्याचा एक थेंबही विकलेला नाही. हे मी पूर्ण शुद्धीत, कोणीही न सांगता लिहीत आहे.

मामांना उदंड व निरोगी आयुष्य मिळो. निदान पुढच्या वार्षिक सभेला त्यांनी धडधाकट यावे, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. हा मजकूर मला तिथे, त्यांच्यासमोर उभे राहून वाचायचा आहे.