माळ आत असेल तेव्हा

खाला माणसाचं तोंड आधी बघत नसत, हात बघत. पेपरातल्या नोकरीसाठी गाव सोडून बरीच वर्षं झाल्यावर मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही. माझा उजवा हात ओढला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "गुरुजींची धाकटी. ल्हानपनी मूठ आवळायचीस. अजून तीच खोड हाय."

युसूफ वडगावात त्या बांगड्या भरायच्या. घर मनियारांचं, पण हिंदू-मुसलमान सगळ्या घरांत त्यांना खालाच म्हणत. कुणाला माप विचारलेलं मी ऐकलं नाही. हात दाबला की त्या माळेतून नेमक्या बांगड्या काढत आणि कोपरापर्यंत गार लागतील अशा बेतानं चढवत. बाईनं हात ताठ केला की ठरलेलं वाक्य येई, "मूठ नवऱ्यापुढं आवळ. आत्ता हा हात माझा हाय." बायका हसत, हसताना हात सैल पडे आणि तेवढ्यात बांगडी आत गेलेली असे. त्यांच्या हातून बांगडी वाढवल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. बांगडी 'फुटली' असं त्या कधी म्हणत नसत आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तर रागावत.

हे सगळं काम जमिनीवर, गुडघे मुडपून बसून करायचं. लग्नघरी एकदा बसल्या की भावकीतल्या शेवटच्या बाईचे हात भरेपर्यंत उठायचं नाही, असा त्यांचा नेम होता. गुडघे गेले ते त्यामुळंच. आधी काठी आली, मग भिंतीचा आधार. शेवटी परळीला गॅरेज चालवणाऱ्या मुलानं लातूरला नेऊन दोन्ही गुडघे बदलून आणले. सहा आठवडे तो जवळ राहिला, नंतर त्याला गॅरेज उघडणं भाग होतं.

परत आल्यावर खाला खुर्चीत बसून बांगड्या भरू लागल्या. समोरच्या बाईला खाली सतरंजीवर बसावं लागे. एकीनं टोमणा मारला, "आता खाला वर अन् आमी खाली व्हय?" खालांनी तिचा हात ओढून घेतला. "मला हौस न्हाई आली. डाक्टरनं गुडघ्यात लोखंड घातलंय. त्याला जिमिनीवर बसायची सवय न्हाई."

टाके सुकले. पाय वाकायला लागला. सकाळ-संध्याकाळ त्या ठरवून दिलेला व्यायाम करत, भिंत धरून पाय उचलत आणि मनातल्या मनात मोजत. दुखणं कमी झालं, हे गावाला दिसत होतं. थकवा कुणाला दिसला नाही. दोन बायकांचे हात भरले की खालांचे ओठ पांढरे पडत. बोटं सुन्न होत. "अंगातलं पानी कुनी उपसून नेल्यावानी होतंय," असं त्या मला म्हणाल्या होत्या. रात्री कूस बदलता येत नसे, म्हणून झोप तुटक. जेवण जात नसे. येणाऱ्या बायका विचारत, "टाके सुकले, चालताव बी, मग दिवसा निजता कावून?" खालांचं म्हणणं असं, "दुखतंय म्हनलं की मानसं च्या करून देतेत. दमले म्हनलं की सोंग म्हनतेत."

यावर त्यांनी एक रीत काढली. दाराबाहेरच्या खिळ्याला हिरव्या बांगड्यांची माळ टांगायची. माळ बाहेर असली की खाला बसलेल्या. दोन बायका झाल्या की माळ आत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं. या रीतीनं काम हळू पण नीट चालू होतं. शेजारणींनाही सवय लागली होती. खिळा रिकामा दिसला की त्या परत जात.

ऑपरेशनच्या चौथ्या महिन्यात मी त्यांच्यावर बातमी केली. मी तिथं तासभर होते. त्या तासात माळ एकदा आत गेली आणि मी ओट्यावर बसून राहिले. हे आणि माळेची रीत मी वहीत लिहून घेतली होती. छापून आलं ते असं : खुर्चीतल्या हसऱ्या खाला, मोठा फोटो आणि मथळ्यात 'ठणठणीत' हा शब्द. माळेचा उल्लेख नव्हता.

पुढच्या महिन्यात गावातल्या एका मोठ्या घरात लग्न होतं. नवरीच्या आजीचे, आईचे हात खालांनीच भरलेले. तरी या वेळी केजहून माणूस बोलवायचं ठरलं होतं. खालांनीच तसा निरोप धाडला होता, "यंदा माझ्यानं व्हायचं न्हाई." बातमी आली आणि नवरीची चुलती पेपर घेऊन दारात हजर झाली.

"खाला, पेपरात तर ठणठणीत लिवलंय. आमच्याच घराला दुखनं लागलं का?"

"दोन हात भरले की मला पडावं लागतंय, बाई."

"खुर्चीत बसून बांगड्या तर भरायच्या. त्यात दमायचं काय?"

खाला गेल्या. त्या घराला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही आणि पेपर त्यांच्या बाजूनं नव्हता. मांडवात खिळा नव्हता, माळ आत घ्यायला दार नव्हतं. भावकीतल्या बायका रांगेनं बसल्या. खालांनी मध्ये एकदा आडवं व्हायला जागा मागितली. चुलती म्हणाली, "एवढ्या चार उरकून घ्या." त्या चार झाल्यावर आणखी आल्या. नवरीचा मान शेवटी असतो. तिच्या डाव्या हातात चुडा चढवताना खालांचा अंगठा सटकला. बांगडी वाढवली. काच नवरीच्या तळहातात गेली आणि रक्त हळदीच्या साडीवर पडलं.

मी तिथं नव्हते. जे सांगते ते तिथं असलेल्या तिघींकडून ऐकलेलं आहे आणि तिघींचं सांगणं जुळतं. बांगड्या भरून झाल्यावर बाई मनियारणीला नमस्कार करते. नवरी तशी वाकत होती. चुलतीनं तिला दंडाला धरून उठवलं. "होत नव्हतं तर यायचं कशाला?" असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. आदल्या आठवड्यात दारात पेपर घेऊन उभी होती तीच ही बाई. त्यानंतर लग्नघरांनी खालांना बोलावणं सोडलं. दारावर येणाऱ्याही कमी झाल्या.

मला कळलं तेव्हा मी गेले. खालांनी पेपर जपून ठेवला होता. "वाच," म्हणाल्या. मी वाचला.

"माळेचं कुठं हाय?"

"काढलं."

"कावून?"

"जागा नव्हती."

त्यांनी पेपर हातात घेतला. त्यांना अक्षर येत नव्हतं. फोटोच्या चारी कडांवरून त्यांनी बोट फिरवलं. "एवढी जागा मला दिली," म्हणाल्या, "अन् माळेला न्हाई?"

जागा होती. बातमी गोड राहावी म्हणून मी माळेचं वाक्य गाळलं होतं. दमलेली बाई बातमीत शोभत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. चुलतीचा मला आजही संताप येतो. पण तिच्या हातातलं हत्यार माझं होतं.

कार्यालयात मी खुलासा द्यायचं म्हटलं. "तक्रार कुणाची आहे?" असं विचारलं गेलं. तक्रार कुणाचीच नव्हती. विषय संपला.

खालांना मी तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण डॉक्टरनं रक्त तपासलं, ते कमी निघालं. गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "दोन गुडघे बदलणं म्हणजे मोठं ऑपरेशन, आजी. कुणाकुणाचा थकवा महिनोन्‌महिने जात नाही. थोडं काम, थोडी विश्रांती, असंच करायचं."

"तेच करीत होते," खाला म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

नवव्या महिन्यात थकवा उतरला. दिवसभर बसता येईल इतकं बळ आलं, तेव्हा हात भरायला कुणी येत नव्हतं. मुलगा त्यांना परळीला घेऊन गेला.

निघायच्या दिवशी मी भेटायला गेले होते. सामान बांधलं होतं. माळ तेवढी खिळ्यावर होती. त्यांनी माझ्या हातातलं घड्याळ सोडलं आणि दोन हिरव्या बांगड्या चढवल्या. मी मूठ आवळली नाही. नमस्काराला वाकले तर त्यांनी खांद्याला धरून थांबवलं. "तिथं मला कोन वळखतंय?" म्हणाल्या. "माळ कशासाठी, हे तितल्या मानसांना कोन सांगनार? वाकू नको. लिवायचं ऱ्हायलंय ते लिव."

ते वाक्य वहीत होतं तसं इथं देते. दोन बायकांचे हात भरले की खाला माळ आत घेतात आणि अर्धा तास आडव्या होतात. माळ आत असेल तेव्हा दार वाजवू नये.