मेंढरांची तोंडं आणि पन्नासची लेन्स

कॅमेरा घ्यायचा, हे मी दोन वर्षं नुसतं ठरवत होते. धाराशिवात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वह्या तपासून झाल्या की मोबाइलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ लावून बसायचे. नवरा म्हणायचा, "कॅमेरा येईपर्यंत तुझी पीएच.डी. होईल." माझ्या डोक्यात परंड्याच्या किल्ल्यातले पक्षी होते आणि त्यांच्यासाठी एक लांबलचक झूम लेन्स. आबांची मेंढरं त्या स्वप्नात कुठंच नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील. परंडा तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर माळावर त्यांचं छप्पर आणि एकेचाळीस काळी मेंढरं. आई गेल्यावर ते एकटेच राहत होते आणि मी त्यांची एकुलती एक लेक. "माझ्याकडं चला," असा घोशा मी लावला की ते आधी म्हणायचे, "लेकीच्या घरी कुणी ऱ्हातं व्हय?" त्यावर मी भांडले की मेंढरं पुढं करायचे. शेवटी गुडघ्यांनीच निकाल लावला. उठताना काठीला दोन्ही हात लागायला लागले. माझ्या चुलत भावानं कळप सांभाळायचं कबूल केलं. महिन्याभरानं तो मेंढरं घेऊन लांब, कर्नाटकाच्या अंगाला चरायला जाणार होता.

आबा यायला तयार झाले, पण अट घालून.

"तू क्यामेरा घेणार म्हणतीस न्हवं, बाय? मग एकेकीचा फोटू काढ. त्वांड वळखू आलं पायजे. तसं फोटू झालं तर येतो. न्हाय झालं तर हितंच ऱ्हातो."

मला हसू आलं आणि रागही आला. बाप घरी येणार की माळावर एकटा पडणार, हे आता माझ्या फोटोंवर येऊन बसलं होतं.

दोन वर्षं जे ठरलं नाही ते मी आठ दिवसांत उरकलं. पक्ष्यांची झूम लेन्स तूर्त बाजूला ठेवली. जुने कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानातून चांगली मोठी, वजनदार बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, उचलली. किती क्लिक झालेत ते तपासलं, घासाघीस केली आणि स्वतःवर खूश झाले. सगळं बजेट बॉडीतच संपल्यामुळं तिच्याबरोबर येणारी साधी लेन्स, तीच घेतली. गळ्यात ती बॉडी अडकवून आरशात पाहिलं तेव्हा मी अगदी लग्नातली मुख्य फोटोग्राफर दिसत होते.

शनिवारी माळावर गेले. मेंढरं दिवसभर चरत असतात, तेव्हा त्यांची तोंडं जमिनीत. म्हणून दिवस कलताना, ती वाघरात आल्यावर फोटो काढले. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. त्यात शिरून एकेकीच्या नाकाशी कॅमेरा नेला आणि धडाधड फोटो घेतले. मग लॅपटॉप आबांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी चार-पाच फोटो पाहिले आणि मान वर केली. "ही कुणाची मेंढरं?"

"तुमचीच की!"

"माजी न्हायती. ह्यांची नाकं बघ केवढाली. कान कुठं गेलं? आन् ही तर नुसती धुराटलीया."

माझं डोकंच फिरलं. एवढा खर्च, एवढी धावपळ, आणि म्हणे माझी नाहीत! "आबा, तुमचे डोळे गेलेत," मी म्हणाले. "उद्या डॉक्टरकडं चला."

आबा रागावले नाहीत. वाघराच्या पार पलीकडच्या कोपऱ्याकडं काठी करून म्हणाले, "त्या कडंच्या भुंडीच्या डाव्या कानामागं गोचीड लागलाय. जा, काढ." मला त्या अंधुक उजेडात भुंडी, म्हणजे बिनशिंगाची, कोणती तेही कळेना. शोधत गेले, कान उलटा केला. गोचीड होता. मी तो काढला, परत येऊन लॅपटॉप मिटला आणि डॉक्टरचं नाव पुन्हा घेतलं नाही.

लहानपणापासून मी हे पाहत आले होते, पण त्याची किंमत मला त्या दिवशी कळली. आबांनी मेंढरांना कधी हौसेची नावं दिली नाहीत. त्यांच्याकडं खुणा आणि नाती असत. ही भुंडीची थोरली, ती कानफाटीची नात, ही आईविना वाढलेली. एवढी काळी तोंडं, मला सगळी सारखीच, आणि त्यांना चाळीस वेगळ्या बायका ओळखाव्यात तशी ओळखू येत. मी वर्गातल्या तीस पोरांची नावं पाठ करायला जून महिना घालवते. या माणसाचा मला फार अभिमान वाटला आणि आपल्या मोठ्या बॉडीची तेवढीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी परंड्याच्या स्टँडजवळच्या स्टुडिओत गेले. तिथले काका आयुष्यभर लग्नांचे फोटो काढत आलेले. खरं तर आधी त्यांनाच विचारायला हवं होतं, पण व्हिडिओ बघून मी स्वतःला शहाणी समजत होते. त्यांनी माझे फोटो पाहिले, कॅमेरा हातात तोलला आणि मिश्किल हसले.

"मॅडम, एवढी बॉडी बघून लग्नात लोक वाट देतेत. फोटूला काच लागती."

मग समजावून सांगितलं. तुमची लेन्स रुंद पाहते आणि तुम्ही नाकाशी जाऊन काढता, म्हणून नाक फुगतं, कान मागं पळतात. संध्याकाळी तिच्यात उजेड पुरेसा शिरत नाही, म्हणून फोटो हलतो. कपाटातून त्यांनी पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, एक छोटी लेन्स काढली. झूम नाही, काही नाही, वाटीएवढा जीव. टॉर्च मारून आत बुरशी नाही ते मला दाखवलं. "हिला लावून चार पावलं मागं सरा. उजेड भरपूर पिती ही." माझी मोठी बॉडी त्यांनी ठेवून घेतली आणि तिच्या बदल्यात एक जुनी, लहान बॉडी आणि ती लेन्स दिली. माझी ऐट उतरली, पण खिशातून वर काही गेलं नाही.

त्या संध्याकाळी आबांनी माझा ताबाच घेतला. "उबं ऱ्हाऊन काढू नगं. बस. त्येंच्या डोळ्याला डोळा यिऊ दी." मी मातीत बसले. त्यांनी वाघराची जाळी एका जागी थोडी उचलली. रोज मोजताना करतात तसं एकेक मेंढरू त्या फटीतून सोडायला लागले. प्रत्येक मेंढरू बाहेर येताना क्षणभर थबकायचं, मान वर करायचं, आणि मी क्लिक करायचे. मोजणं त्यांच्याकडं, पाहणं माझ्याकडं. त्या काचेतून पहिल्यांदा मला मेंढरांची तोंडं वेगवेगळी दिसली. एकीच्या भुवईवर पांढरा ठिपका होता, एकीची नजर कायम रागीट. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आबांनी पहिला फोटो पाहिला आणि लगेच म्हणाले, "कानफाटीची नात." दुसरा पाहिला. "ही मुरकी. बगितलंस, कशी ठसक्यात हाय?" मला रडूच आलं. त्यांनी विचारलं, "आता काय झालं?" मी म्हणाले, "धूळ गेली."

फोटोंच्या प्रती काकांनी छापून दिल्या. महिना भरला त्या दिवशी त्या घेऊन माळावर पोचले तेव्हा चुलत भाऊ सकाळीच कळप घेऊन निघून गेला होता. वाघूर गुंडाळून ठेवलेलं, माळ मोकळा. आबा छपराच्या दाराशी बसले होते. शेजारी त्यांचं गाठोडं बांधून तयार होतं, पण ते उठायचं नाव घेत नव्हते. मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवले. एकेक उचलून ते नातं सांगत गेले. एकही चुकले नाहीत, एकदाही अडले नाहीत. सगळे संपल्यावर मी सहज मोजले आणि मग पुन्हा मोजले. मेंढरं एकेचाळीस होती. फोटो चाळीस.

"आबा, एक राहिली," मी म्हणाले. "माझ्याकडून सुटली. कळप तर गेला. आता कुठं गाठू?"

"तुज्याकडनं न्हाय सुटली. म्याच सोडली न्हवती."

काठी टेकत ते छपरामागं गेले. मीही गेले. तिथं लिंबाला एक म्हातारी मेंढी बांधलेली होती, दात पडलेली, पुढ्यात पाल्याचा चुरा.

"हिचा फोटू कशाला? फोटू जाणारींचं असत्यात," आबा म्हणाले आणि दोरी सोडायला लागले. "ही येतीया आपल्यासंगं. तुज्या दाराम्होरं लिंब हाय न्हवं?"

माझ्या दारापुढं फरशी आहे आणि नवऱ्याची मोटारसायकल.

"हाय, आबा," मी म्हणाले.