लोकांकडे पाठ करून गाणारा दिगू

दिगू लोकांकडे पाठ करून गायचा. समोर पाच माणसं असोत नाहीतर अख्खा गाव, हा गिटार गळ्यात अडकवून भिंतीकडे तोंड करून उभा. बघणाऱ्याला दिसायचा घामाने भिजलेला शर्ट आणि मानेवर वाढलेले केस. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, पोराला लाज वाटत असेल. विचारलं तर म्हणाला, "काकी, तोंड बघूक येतत ते गाणा आयकणत नाय. पाठ बघून कंटाळले की मगे तेंचे कान उघडतले."

कान काही उघडले नाहीत. माणसं उठून घरी गेली.

हा दिगू आमच्या शेजारच्या घरातला. आई तो लहान असतानाच गेली, बाप मागाहून. मुंबईत मामाकडे राहून शिकला, कंप्युटरच्या हापिसात लागला, आणि एका शिमग्याला गावी आला तो परत गेलाच नाही. बरोबर दोन मोठ्या पेट्या. मला वाटलं भांडीकुंडी असतील, म्हणून हात लावायला गेले, तर आत सगळ्या वायरी. घरात चूल पेटायची सोय नाही आणि वायरी मात्र एवढ्या की गावाला कुंपण घालता येईल. मग जेवायला माझ्याकडे.

मीही एकटीच. माझे घरवाले बोटीवर खलाशी होते. वादळात बोट गेली ती गेलीच, एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली. मुलगी तेव्हा पाळण्यात, मुलगा नुकता शाळेत जायला लागलेला. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मी मिठबावपासून कुणकेश्वरपर्यंत दारोदार फिरले. रडायला वेळ नव्हता. पुढे वेळ मिळाला, तेव्हा रडायचं कसं ते आठवेना. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा मुंबईला गेला आणि तिकडचाच झाला. त्यामुळे दिगू जेवायला यायला लागला, तसं घरात दुसरं ताट निघालं. बाकी त्याचं गाणं काय असेल ते असो. ताट मांडायला माणूस होता, हे माझ्यासाठी मोठं होतं.

त्याच्या बँडचं नाव 'खारो वारो'. चार जण. ढोल बडवायला पलीकडच्या वाडीतला आग्नेल. आणखी दोघे होते, ते कमी बोलायचे आणि जास्त जेवायचे. सराव माझ्या मांगरात. मांगर म्हणजे वाडीतलं कौलारू खोपट, आंब्याच्या दिवसांत आम्ही तिथे पेट्या भरतो. मी बाहेर कोकमाचे रतांबे फोडत बसायची. सोलं वाळत घालायची आणि ऐकायची.

त्याचं आवडतं गाणं होतं ओहोटीवर. ते सुरू झालं की मी एक टोपली फोडून संपवायची, तरी आत पाणी मागेच सरकतंय. एकदा न राहवून विचारलं, "दिगू, भरती कधी येतली रे?"

"येवचीच नाय काकी. तोच तर अर्थ."

"अरे, ओहोटी झाली म्हणजे आमका शिंपल्यातली कालवा तरी गावतत. तुझ्या ओहोटीत काय गावता?"

तो जो खूश झाला! आत जाऊन पोरांना सांगितलं, "बघा, काकीक गाणा कळला." मला कळलं नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई. पण त्या गाण्यात एक जागा होती. सगळी वाद्यं थांबायची आणि दिगू नुसता गळ्यातून एक सूर ओढायचा, पाणी वाळूवरून मागे जाताना करतं तसा. तेवढ्या वेळात माझा हात रतांब्यावर थांबायचा. ते मी त्याला कधी सांगितलं नाही. आधीच डोक्यावर बसला होता.

गावच्या जत्रेत त्यांना पहिल्यांदा वेळ मिळाली ती फुगड्या संपल्यावर आणि दशावतारी पोरं तोंडाला रंग लावत होती तोवर. दिगू पाठ करून उभा राहिला, ओहोटी सुरू झाली आणि गावाला पण ओहोटी लागली. शेवटी उरलो मी आणि स्पीकरवाला. स्पीकर त्याचे होते, सोडून जाणार कुठे? दिगू खाली उतरला तो हसतच. "बघलंस काकी? माणसा उठान गेली म्हणजे गाणा तेंका लागला."

आग्नेल म्हणाला, "लागला नाय रे, चावला."

आग्नेलला मुलगी झाली तिथून सगळं फिरलं. एक दिवस मांगरात मोठ्याने बोलणं चाललं होतं.

"दिगू, एक तरी गाणा नाचाक होया."

"आपण नाचवणारे नाय."

"मगे चेडू मोठा झाल्यार तेका काय सांगू? तुझो बापूस ओहोटी वाजवता?"

"लोकांका कळतला हळूहळू."

"माझ्या आवशीक कळणा नाय."

"तुझ्या आवशीसाठी नायच ता."

"मगे कोणासाठी? शेवंतीकाकीसाठी? ती रतांबे फोडूचे आसत म्हणान बसता रे मेल्या!"

खरं तर मी तेवढ्यासाठी बसत नव्हते. पण मी पुढचा रतांबा फोडला.

त्या पावसाळ्यानंतर किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने शनिवारचं बोलावणं दिलं. अट एकच, गाणाऱ्याचं तोंड पाव्हण्यांकडे पाहिजे. दिगू दोन दिवस जेवला नाही. मग जेवला आणि गेला. आडवा उभा राहिला म्हणे. म्हणजे एका बाजूच्या पाव्हण्यांनी तोंड बघायचं आणि दुसऱ्या बाजूच्यांनी गाणं ऐकायचं. मला येऊन सांगतो, "काकी, ही माघार नाय. ही वाढ."

मग वाढतच गेला. गाणी आखूड झाली. आधी समुद्र, वाळू, मेलेले खेकडे असायचे, तिथे चांदणं आलं आणि कोणाचेतरी डोळे आले. केस कापले. फुलाफुलांचा शर्ट आला. आणि प्रत्येक वेळी मला एक नवीन वाक्य ऐकवायचा. "सोपा करूक जास्त कठीण, काकी." "लोकांच्या मागे जावचा नाय, लोकांका वांगडा घेवचा." मी शाळा थोडी बघितली, पण माणसं भरपूर बघितली. मासे ताजे असले की बाई गप्प बसून विकते. दिगू फार बोलायला लागला होता.

तरी एक सांगते, गाणी वाईट नव्हती. माझा पाय हलायचा. मी तो पदराखाली घ्यायची.

नारळी पुनवेला गावातल्या एकाची नवीन बोट पाण्यात घालायची होती. अशा वेळी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. गावचे मानकरी अण्णा देवाला मोठ्याने सांगतात, ह्याचं असं असं काम आहे, ते सुखरूप पार पाड, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा!" ज्याला सूर नाही, दात नाहीत, कोणाशी बोलणं नाही, तोही त्या वेळेला बरोबर ठेक्यात म्हणतो. दिगू माझ्याजवळ उभा होता. त्याने माझा हात घट्ट धरला. "काकी, ह्यो तयार कोरस आसा! कोणाक शिकवचो नाय, काय नाय!"

"देवाचा आसा ता," मी म्हटलं.

"देवाक हिट गाणा नको काय?"

त्या वर्षीच्या जत्रेत त्याने त्यावरच गाणं काढलं. स्टेजवर आला, फुलांचा शर्ट, आणि सरळ गावाकडे तोंड करून उभा राहिला. माणसांनी टाळ्याच वाजवल्या. कित्येकांनी त्याचं तोंड मोठा झाल्यावर पहिल्यांदा बघितलं असेल. आग्नेलने ढोल धरला आणि दिगू अण्णांच्याच ढंगात सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो दिगू तुझो लेकरू!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्याच वाळयेत रवतलो, हयच नाचतलो!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयेन हाक मारली, तर तिका पाठ दाखवतलो!"

"व्हय म्हाराजा!"

देवळाची कौलं हलली असतील. पोरं नाचत होती, बाया टाळ्या पिटत होत्या. आणि पुढच्या रांगेत अण्णा मानकरी उठून उभे होते, टोपी काखेत, हात जोडलेले. प्रत्येक व्हय त्यांनी डोळे मिटून म्हटलं. शेवटी नारळ फोडला. दिगूला वाटलं, म्हाताऱ्याला गाणं आवडलं.

गाणं मोबाइलातून फिरलं आणि मुंबईच्या एका कंपनीने बोलावलं. चौघांनी या, गाणं पुन्हा चांगलं रेकॉर्ड करू. पोरांनी पेट्या बांधल्या. तेवढ्यात अण्णा चार माणसं घेऊन माझ्या घरासमोरच्या खळ्यात हजर.

"दिगू, तुका जाऊक गावाचा नाय. देवासमोर बोललंस तू. गावान व्हय म्हटला."

दिगू हसायला लागला. "अण्णानू, ता गाणा होता!"

"गाणा तू पाठ फिरवन म्हणतंस. ह्या तू तोंड करून म्हटलंस."

दिगूचं हसू तिथेच राहिलं. सगळा गाव साक्षीला होता आणि आग्नेलच्या मोबाइलात तर चित्रच होतं. अण्णांच्या मागचा एकजण म्हणाला, "मोडलंस तर मासळी लागाची नाय. तुझ्या नाचापायी आमी उपाशी मरू काय?" आग्नेलने कपाळावर हात मारला. मुंबईला फोन करून कंपनीला काय सांगायचं? देवाने अडवलं म्हणून?

मी दारात उभी होते. मी नुसती गप्प बसले असते तरी पुरलं असतं. बाकी काम गावाने केलं असतं. दिगू राहिला असता, दुसरं ताट राहिलं असतं. पण दिगूने माझ्याकडे बघितलं. लहानपणी आईला न्यायला आले तेव्हा असाच बघत होता, आता ह्याचं काय करायचं ते मोठ्यांनी सांगा, असा.

मी म्हटलं, "अण्णानू, आमचे घरवाले शेवटचे बोटीर गेले, तेवा गाऱ्हाणा तुमीच घातलास. सुखरूप परत हाड म्हणान. सगळ्या गावान व्हय म्हटला. मीय म्हटलंय, पोर काखेत घेवन. ते इले?"

मी दारातून खाली खळ्यात आले.

"देवान तेंच्या वेळचा व्हय पाळूक नाय, मगे ह्या पोराचा कित्याक धरून ठेवतलो? आदी माझो हिशेब बघा, मगे दिगूचो."

अण्णा खाली बसले. टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "शेवंते, इतकी वर्सा बोलाक नाय तू."

"विचारूक नाय कोणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात दिगूला सोडवायचं गाऱ्हाणं झालं. अण्णांनी सांगितलं, ह्या लेकराने हसत हसत जे काय म्हटलं ते पोटात घाल. व्हय म्हाराजा. ह्याला मोकळा कर. व्हय म्हाराजा. मग मला विचारलं, "आणखी काय सांगूचा आसा?"

मी म्हटलं, "जंय जायत, थंय तेका सांभाळ म्हणान सांगा."

अण्णांनी तोंड उघडलं आणि बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पेट्यांचा टेम्पो आला होता. गाव बघायला बाहेर धावला, दिगू पण. त्या शेवटच्या वाक्याला व्हय म्हणायला उरलो अण्णा आणि मी.

वैभववाडीच्या स्टेशनापर्यंत मी टेम्पोतून गेले. गाडी आली. पेट्या चढल्या. आग्नेलने खिडकीतून हात हलवला. दिगू दारात उभा राहिला तो माझ्याकडे पाठ करून. आग्नेल आतून ओरडला, "दिगू, काकीकडे बघ तरी मेल्या!" तो वळला नाही. मला राग आला नाही. ती पाठ मी इतकी वर्षं बघितली होती. गाडी हलायच्या आधीच ती हलत होती, ते मला दिसलं.

आता ते गाणं सगळीकडे आहे. लग्नात, हळदीत, क्रिकेटच्या मॅचीत. शब्द बदलले. वाळू गेली, आमचा गाव गेला, मुंबईला पाठ दाखवायचं ते तर सगळ्यात आधी गेलं. व्हय म्हाराजा तेवढं राहिलं. फोन करतो दिगू. म्हणतो, "काकी, ही तडजोड नाय, हो पुढचो टप्पो." मी विचारते, जेवलास काय? त्यावर त्याच्याकडे वाक्य नसतं.

नात गावी आली की मोबाइल माझ्यासमोर धरते. "आजी, बघ ना, दिगूकाका!" बघते. सगळ्यांकडे तोंड करून गातो, हसतो. दात चांगले आहेत. पण मला त्याचं गाणं ऐकू येत नाही. मग मी मोबाइलकडे पाठ करून रतांबे फोडायला बसते. तेव्हा कळतं की मधे एक जागा आहे. ढोल थांबतात आणि एक सूर वाळूवरून मागे जातो. एवढासाच. नाचणाऱ्यांना वाटत असेल, दम घ्यायला ठेवलाय. माझा हात थांबतो.

आणि लगेच सगळे ओरडतात, व्हय म्हाराजा. कुठल्याकुठल्या मांडवातली माणसं, दिगूला कधी जेवायला न वाढलेली. ओरडू देत. माझ्या घरवाल्यांच्या वेळेला व्हय म्हणायला एवढासा गाव होता, देवाला ऐकू गेलं नसेल. दिगूच्या वेळेला अण्णा आणि मी दोघंच होतो. आता एवढी माणसं म्हणतायत. मीही म्हणते, हळू, रतांब्याच्या लाल हातांनी.